विसाव्या रेघेच्या अलीकडे

माझ्या स्टॉपवॉचची तबकडी साठ भागांची नाही, शंभर भागांची आहे. काटा मिनिटात एकच फेरा घेतो, पण वाटेत रेघा शंभर. एक रेघ सरकली की सेकंदाचे सहा दशांश गेले. कारखान्यात टाइम स्टडीवाल्यांना अशीच घड्याळं मिळत, कारण दशांशात बेरीज-गुणाकार सोपा जातो. या हिशेबानं बारा सेकंद म्हणजे बरोबर वीस रेघा. आणि आमच्या भोसरी-चाकण-खेडकडच्या बैलगाडा घाटात चांगली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, बसते तीही बाराच्या अलीकडे-पलीकडेच. त्यामुळे घाटाचे जेवढे राजे मी पाहिले, ते सगळे या तबकडीवर एकोणीस ते एकवीस एवढ्याच फटीत दाटीवाटीनं उभे आहेत. माझे आजोबा, म्हणजे आबा, ज्याच्यासाठी आयुष्यभर भांडले तो हरण्या, त्यांनी सांगितलेली वेळ खरी धरली तर, तिथंच येतो. आणि पुतण्या मोबाइलवर ज्यांच्या बाऱ्या पुन्हा पुन्हा लावतो ते आजचे बैलही तिथंच. यांत थोर कोण हे भांडण आमच्या घरात आबांपासून चालत आलं आहे, आणि माझी नोकरीच वेळ मोजण्याची असल्यामुळे निकाल मी द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

घाट न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. सातारा-सांगलीकडची शर्यत वेगळी. तिकडे दोन बैल, गाड्यावर हाकणारा, सपाट मैदान आणि शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्या. एका वेळी अनेक गाडे सुटतात. गट, सेमी, फायनल. पुढे गेला तो जिंकला. आमच्याकडे चढ, आणि चढावर एका वेळी एकच गाडा. बैल चार, धुरेला दोन आणि त्यांच्या पुढे दोन. त्यांच्याही पुढे घोडी. घोडेस्वार तिला चढावर सोडतो आणि बैल तिच्या मागे झेपावतात. गाड्यावर हाकणारा नाही, ब्रेक तर नाहीच. लाउडस्पीकरवरून ‘भिर्रर्र’ सुरू होतं, भंडारा उडतो, आणि शेजारच्या माणसाला काही सांगावं तोवर बारी संपलेली असते. बाजूनं दुसरा गाडा धावत नसल्यामुळे हरवायचं ते घड्याळाला. म्हणून घाटात गाडामालकाच्या खालोखाल मान असतो तो घड्याळ धरणाऱ्या पंचाचा, आणि शिव्याही त्यालाच पडतात.

माझ्या लहानपणी गावच्या यात्रेत घड्याळ शाळेतल्या गुरुजींच्या हातात असायचं. शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी घेतलेलं चावीचं स्टॉपवॉच, सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारं. गुरुजी घाटाच्या माथ्यावर बसत. खाली निशाण पडलं की बटण दाबायचं, पुढच्या बैलांनी वरची रेघ ओलांडली की पुन्हा दाबायचं. यात किती गोम आहे हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. डोळ्यानं पाहिल्यावर बोट हलायला सेकंदाचे दोन दशांश तरी जातात. बैल सेकंदाला दहा मीटर पळत असेल तर तेवढ्यात दोन मीटर पुढे गेला, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतका. गुरुजींना त्या दिवशी सर्दी असली तर एखाद्या गाड्याची बारी अख्ख्या बैलानं कमी-जास्त होऊ शकत होती. आणि या घड्याळाच्या जोरावर आबा पुढची सगळी वर्षं छातीठोकपणे सांगत, “हरण्या साडेअकरात गेलता. इचार कुणालाबी.”

विचारायला उरलं कोण होतं? त्यांच्याहून धाकटे नाना. आणि नाना म्हणायचे की हरण्या पळाला ते ठीक, पण बहात्तरच्या दुष्काळाआधीचे बैल नीट पाहिले असते तर आबांनी हरण्याला नांगरालाच ठेवलं असतं. दुष्काळात जनावरं गेली, दाणागोटा तुटला, नंतरची पैदास हलकी झाली, हा नानांचा सिद्धांत. आबा तो मानत नसत, पण तोच सिद्धांत माझ्या वडिलांच्या बैलांना मात्र लावत. प्रत्येकाच्या मते त्याच्या तरुणपणानंतर बैलांची अवलाद उतरतच गेली. सिद्धांत सगळ्यांचा एक, फक्त दुष्काळाचं साल ज्याचं त्याचं.

हरण्या खिलार होता. आटपाडीकडचं वासरू हातोहात फिरत चाकणच्या शनिवारच्या बाजारात आलं आणि आबांनी ते घेतलं. त्याची आठवण मला आहे ती शर्यतीतली कमी आणि नांगराचीच जास्त. यात्रेच्या आदल्या आठवड्यापर्यंत तो कामाला असे, आणि यात्रा झाली की दोन दिवसांनी पुन्हा औताला. खुराक म्हणजे कडबा, पेंड आणि यात्रेच्या तोंडावर आजीनं कुरकुरत दिलेलं बाजरीचं पीठ. आजच्या शर्यतीच्या बैलानं औत पाहिलेलं नसतं. त्याला पंखा असतो, पोहणी असते, दूध असतं, अंडी असतात, आणि जनावरांच्या डॉक्टरचा नंबर मालकाच्या फोनमध्ये बायकोच्या नंबराच्या वर असतो. यात मला तक्रार करण्यासारखं काही वाटत नाही. पण दोघांची वेळ शेजारी शेजारी लिहायची तर मधे काहीतरी लिहावं लागेल, आणि ते काय लिहायचं हे मला कारखान्यानं शिकवलं.

ऐंशीच्या दशकात पिंपरी पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनियरिंग खात्यात मी लागलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं १९५४ साली, एमआयडीसी १९६२ साली, आणि पुढच्या वीस वर्षांत मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भोंग्यांचं गाव उभं राहिलं. १९८२ साली त्याची महानगरपालिका झाली. आमच्या खात्याचं काम एकच: मशीनपाशी उभं राहून कामगाराच्या एकेका हालचालीला किती रेघा लागतात ते लिहायचं. लोकांना वाटतं टाइम स्टडी म्हणजे घड्याळ दाबणं. घड्याळ दाबणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग रेटिंगचा. समोरचा माणूस सावकाश करतोय, नेहमीच्या चालीनं करतोय की मुद्दाम झपाट्यानं करतोय, हे डोळ्यानं पाहून आकडा द्यायचा. नेहमीची चाल म्हणजे शंभर. ताशी ६.४ किलोमीटरनं, म्हणजे ब्रिटिश मोजणीनं चार मैलांनी, मोकळ्या हातानं सपाटीवर चालणारा माणूस तो शंभर. ही मोजपट्टीच ब्रिटिशांची. प्रशिक्षणात आम्हाला वेगवेगळ्या चालींनी चालणाऱ्या माणसांच्या फिल्म दाखवत आणि आम्ही आकडे देत असू: ऐंशी, पंचाण्णव, एकशेदहा. मग मोजलेल्या वेळेला या रेटिंगनं गुणायचं, त्यात थकवा, पाणी, लघवी यांची सूट मिळवायची, आणि जी येईल ती प्रमाणवेळ. म्हणजे कारखान्यातला सगळ्यात कडक आकडासुद्धा अर्धा घड्याळाचा आणि अर्धा बघणाऱ्याच्या नजरेचा.

युनियनची माणसं हे आमच्यापेक्षा चांगलं ओळखत. घड्याळावर त्यांनी कधी वाद घातला नाही. वाद असायचा तो रेटिंगचा. “साहेब, तुम्ही ज्याचा टाइम घेतला तो शंभरचा माणूस नाही. तो एकशेवीसचा आहे. त्याच्या वेळेवर आमचं टार्गेट बसवू नका.” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला थेट नाना आठवले. बहात्तरच्या आधीचे बैल म्हणजे नानांचं एकशेवीस होतं. ते घड्याळाला खोटं ठरवतच नव्हते; रेटिंग लावा एवढंच सांगत होते.

पुढे कारखाने चाकणकडे सरकले. बजाजचा तिथला प्रकल्प १९९९ चा, आणि २००९ च्या सुमाराला फोक्सवॅगन, मर्सिडीज अशी नावं नाशिक रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवर आली. मीही नोकरी बदलून तिकडे गेलो. त्या कारखान्यात एक ग्राइंडिंग मशीन बसवायला मँचेस्टरहून एक उतारवयाचा इंजिनियर आला होता. एकदा जाताना त्याला रस्त्यात झूल घातलेले बैल उभे असलेला टेंपो दिसला आणि त्यानं चौकशी केली. रविवारी मी त्याला खेड तालुक्यातल्या एका यात्रेत घेऊन गेलो. पहिल्या दोन-चार बाऱ्या तो नुसता बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “ब्रेक कुठे आहे?” नाही म्हटल्यावर भलताच खूश झाला. म्हणाला, आमच्याकडेही एक खेळ आहे, त्यातही ब्रेक नाही.

तो खेळ म्हणजे स्पीडवे. पाचशे सीसीची मोटारसायकल, एकच गिअर, मिथेनॉलवर चालणारी. लंबगोल मातीच्या ट्रॅकवर चार स्वार चार फेऱ्या मारतात, सगळी वळणं डावीकडची. वळणावर ब्रेक नसल्यामुळे मागचं चाक मुद्दाम घसरवतात आणि घसरण सांभाळतच गाडी वळवतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. सगळं मिनिटभरात आटोपतं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. हा खेळ नावारूपाला आला तो ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड गावी, १९२३ च्या डिसेंबरात, आणि तोही शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर. जॉनी हॉस्किन्स नावाचा तिथल्या शेतकी संस्थेचा सचिव त्यामागे होता. म्हणजे त्यांच्याही खेळाच्या मुळाशी कुठेतरी जनावरांचा बाजार आहेच. १९२८ मध्ये हा खेळ इंग्लंडात पोचला आणि बघता बघता तिथल्या कामगारवस्त्यांचा झाला.

या माणसाच्या घरातही आमच्यासारखंच भांडण होतं, आणि गंमत म्हणजे ते मँचेस्टरच्या बेल व्ह्यू या एकाच क्लबमधल्या दोन स्वारांवरून. त्याच्या वडिलांचा देव पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा, अंगानं लहानखुरा, गाडीवर तोल असा की बघणारे चकित व्हायचे. १९५५ आणि १९६२ साली तो विश्वविजेता झाला, दोन्ही वेळा वेम्बलीवर. याचा स्वतःचा देव पीटर कॉलिन्स, १९७६ चा विश्वविजेता, पोलंडमधल्या खोझूफच्या मैदानावर जिंकलेला. पुढच्या वर्षी पायाला जबर जखम असताना तो अंतिम फेरीत उतरला आणि न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरच्या मागोमाग दुसरा आला. वडील म्हणत, कॉलिन्सच्या बुडाखाली नवं वेसलेक इंजिन होतं. क्रेव्हनच्या काळी जुनं जॅप होतं, ते देऊन बघा. मुलगा म्हणे, क्रेव्हनच्या वेळी पोलंडसारख्या देशांचे स्वार अंतिम फेरीत होते तरी किती? दोघांचे देव एकाच अंगणात, आणि ते अंगणही राहिलं नाही. बेल व्ह्यूचं जुनं हाइड रोडचं मैदान १९८७ साली विकलं गेलं आणि तिथं मोटारींच्या लिलावाचा अड्डा झाला. हे ऐकलं तेव्हा आम्ही दोघं चाकणमध्ये मोटारींच्या एका कारखान्याच्या कंपाउंडबाहेर चहा पीत होतो. त्या भिंतीमागं पूर्वी कुणाचं वावर होतं ते मला माहीत होतं.

मी त्याला विचारलं, वेळा काय होत्या दोघांच्या? त्याला प्रश्नच कळेना. स्पीडवेत प्रत्येक ट्रॅकचा आपापला विक्रम असतो. ट्रॅक लांबीनं वेगळे, माती वेगळी, म्हणून एका ट्रॅकची वेळ दुसऱ्याला लावायची नाही. विश्वविजेता ठरतो तो गुणांवर, समोरच्या तिघांना हरवून. मला बरं वाटलं. आमच्या घाटांचंही तेच आहे. एका गावचा घाट लांब, दुसऱ्याचा चढ खडा, तिसऱ्याची माती भुसभुशीत. निमगावची वेळ चिखलीला लावता येत नाही. तरी आबा साडेअकरा म्हणायचे ते कोणत्या घाटातले हे सांगायचे नाहीत. आणि तो घाट आता पाहायचा म्हटलं तर तिथं गोदाम आहे, कंटेनर मागे घेताना बीप बीप वाजत असतं.

२०१३ नंतर त्या मँचेस्टरच्या इंजिनियरच्या ई-मेलमध्ये तिसरं नाव आलं: टाय वॉफिन्डन. जन्म इंग्लंडच्या स्कंथॉर्पमधला, वाढला ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीनदा विश्वविजेता. कुठल्याही ब्रिटिश स्वारापेक्षा जास्त. आता भांडण इंजिनियरच्या मुलानं पुढे नेलं होतं. आणि इथं मला माझा धंदा कामी आला. १९९४ पर्यंत स्पीडवेचं जगज्जेतेपद एका रात्रीत ठरत असे. एक मैदान, एक संध्याकाळ, प्रत्येकाच्या पाच शर्यती. १९९५ पासून ते ग्रां प्री मालिकेत महिनोन् महिने, वेगवेगळ्या देशांत ठरतं. टाइम स्टडीच्या नियमानं पाच निरीक्षणांवर मी साध्या ड्रिलिंगचीही प्रमाणवेळ ठरवली नसती. नमुना छोटा पडतो. त्या अर्थी वॉफिन्डनचे तीन हंगाम जास्त भरवशाचे. पण दुसऱ्या बाजूला असं आहे की एका रात्रीत चूक झाली तर दुरुस्तीला पुढचा शनिवार नसायचा, आणि क्रेव्हननं ते सात वर्षांच्या अंतरानं दोनदा साधलं, तेही स्वीडनचा ऊवे फुंडिन आणि न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज ऐन भरात असताना. १९६३ साली एडिंबराला पुढे पडलेल्या स्वाराला वाचवायला क्रेव्हननं गाडी वळवली, आपटला आणि त्यातच गेला, वय एकोणतीस. मी इंजिनियरला कळवलं की आकड्यांनी वॉफिन्डन पहिला, पण माझं रेटिंग क्रेव्हनला एकशेवीस. त्याचं उत्तर आलं: तू माझ्या बापासारखा बोलतोस. कॉलिन्सबद्दल मी काहीच लिहिलं नाही म्हणून तो रुसला असावा.

या सगळ्यात एक नाव आहे जे मला विश्वविजेत्यांपेक्षा जवळचं वाटतं: जॅक पार्कर. १९३९ ची जागतिक अंतिम फेरी सप्टेंबरात वेम्बलीवर ठरली होती. महायुद्ध सुरू झालं आणि ती रद्द झाली. पुन्हा जगज्जेतेपद सुरू झालं ते थेट १९४९ साली. नव्वद हजारांहून जास्त लोकांसमोर टॉमी प्राइस जिंकला, जगज्जेता झालेला पहिला इंग्रज. पार्कर दुसरा आला. तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. त्याच्या सगळ्यात चांगल्या वर्षांत जगज्जेतेपद मोजायला कोणी बसलंच नव्हतं.

असे पार्कर आमच्या घाटांतही होऊन गेले. २०११ च्या जुलैत केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं बैलाचं नाव, खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नागराजा खटल्यातल्या निकालानं जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही थांबल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात गाडं अडलं ते १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी देईपर्यंत. बैल दोन-अडीच वर्षांचा असताना पळायला लागतो आणि भर ओसरेपर्यंत त्याला मिळतात सहा-सात वर्षं. म्हणजे या बंदीत एक पूर्ण पिढी आली आणि गेली. माझ्या धाकट्या भावाकडे त्या काळात एक कोसा बैल होता. वावरातल्या बांधावरून तो सोडला की मी घड्याळ काढायचो, सवयीनं. भाऊ म्हणायचा, “दादा, ठेव ते खिशात. कुणाला दाखवायचंय?” त्याच्या वेळा कुठल्याच वहीत नाहीत. थोर बैलांच्या यादीत त्याला कुठं बसवायचं?

बंदी उगाच आली नव्हती, हे आमच्यातले लोक बोलायला तयार नसतात. आबांच्या काळी, वडिलांच्या काळी आणि त्यानंतरही घाटाच्या पायथ्याशी काय चालायचं ते मी पाहिलं आहे. शेपट्या पिरगळायच्या, चावायच्या, काठीला खिळा, चाबूक, आणि पुढे पुढे बॅटरीचे झटके. हरण्याला आबांनी असं केलं नाही असं ते सांगायचे. पण घाटात गाडा सोडायला आबा एकटे नसत, आणि बाकीच्यांच्या हातात काय होतं याची नोंद गुरुजींच्या घड्याळात होत नव्हती. आता नियमानं काठी नाही, चाबूक नाही, झटका नाही. डॉक्टरी तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अंतराला हजार मीटरची मर्यादा. नियम प्रत्येक ठिकाणी पाळले जातात असं मी म्हणणार नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. मग आबांच्या साडेअकरातून किती वजा करायचं? बैलाची धाव किती आणि भीतीची किती? औताची, हलक्या खुराकाची सूट मी हरण्याला आनंदानं देईन. टोचणीची वजावट मात्र कुठल्याच तक्त्यात नाही, आणि ती न लावता जुन्या बैलांचं कौतुक करणं मला लबाडीचं वाटतं. माझ्या कागदावर तो रकाना कोराच आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत, माघी पौर्णिमेला, निमगाव-दावडीचा घाट पुन्हा भरला. खासदार अमोल कोल्हे तेव्हा स्वतः घोडीवर बसून बारीपुढे धावले आणि दुसऱ्या दिवशी पेपरभर तेच होतं. मे महिन्यात भोसरीचे आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकारानं चिखलीत शर्यती झाल्या. पहिलं बक्षीस जेसीबी. शिवाय बोलेरो, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. आमच्या वेळी घाटाच्या राजाला पितळी घागर नाहीतर फेटा मिळायचा. आता ज्या यंत्रानं आमच्या टेकड्या, बांध आणि दोन-चार घाटही सपाट केले ते बक्षिसात. त्या कंपनीचा कारखाना इथंच तळेगावला आहे, त्यामुळे बक्षीस गावचंच म्हणायचं. चिखली, मोशी, तळवडे १९९७ ला महापालिकेत गेली. वावरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. गुंठ्यांचा पैसा आला आणि त्यातला बराचसा पुन्हा दावणीलाच बांधला गेला. औत गेलं पण बैल राहिला, याचं मला बरं वाटतं आणि चमत्कारिकही वाटतं. मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्का मारला तेव्हा पुतण्यानं फटाके लावले. त्याला नोकरीवर जायचं होतं, दुसरी शिफ्ट.

घड्याळ आता बऱ्याच घाटांत सेन्सरचं झालं आहे. बैल रेघ ओलांडतो आणि मोठ्या पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भाग लाल अक्षरांत उजळतो. गुरुजींच्या बोटाची अडचण संपली. भांडणं संपली का? पूर्वी दोन बैल ‘साडेअकरावाले’ म्हणून एका पंगतीत बसायचे. आता एक ११.४२ आणि दुसरा ११.४९, आणि त्या सात शतांशावरून दोन गावांची तोंडं दोन दिशांना. माझ्या तबकडीवर हा फरक एका रेघेच्या आठव्या भागाएवढा. तो मला चष्मा लावूनही दिसत नाही.

पुतण्याचं मत आहे की सगळ्यांत थोर बैल बकासुर. हा आमच्या घाटाचा नव्हे, तिकडच्या मैदानाचा. २०२३ ला सांगलीतल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या शर्यतीत बकासुर-महिब्याच्या जोडीनं थार गाडी जिंकली, तेव्हापासून तर पुतण्या त्याच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नाही. मी म्हटलं, मैदानाचा बैल आणि घाटाचा बैल हे दोन वेगळे खेळ. तिकडे शेजारच्या गाड्याला हरवायचं असतं, स्पीडवेसारखं, आपल्याकडे घड्याळाला. तो म्हणाला, “म्हणूनच तर काका. घड्याळाला हरवणाऱ्या बैलानं कुणाला हरवलं हे सांगता येतं का तुम्हाला?” वेळ मोजून पेन्शन घेणाऱ्याला हे ऐकवायचं धाडस आमच्या घरात त्याच्याशिवाय कुणी केलं नसतं. आणि त्याच्या बोलण्यात दम होता. क्रेव्हन मोठा का, तर समोर फुंडिन आणि ब्रिग्ज होते म्हणून. हरण्यासमोर कोण होतं? सर्दी झालेले गुरुजी.

मग मी रेटिंगची गोष्ट काढली. त्याला युनियन, एकशेवीसचा माणूस, चार मैलांची चाल सगळं सांगितलं. तो मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता, कारण त्याच्याही लाइनवर आता सायकल टाइम पडद्यावर पळत असतो आणि सुपरवायझर त्यावरून बोलतो. म्हणाला, “म्हणजे तुम्ही लोक डोळ्यानंच मारत होता आकडा?” मारत होतो. पण वर्षानुवर्षं माणसं बघून डोळा तयार झालेला असे, आणि दोन तयार डोळ्यांचे आकडे फार तर पाचानं चुकत. तो म्हणाला, हे मग बैलांनाही लावून बघू.

ठरलंय ते असं. येत्या माघी पौर्णिमेला निमगावला दोघांनी घाटाच्या एकाच बाजूला, पण दहा हात अंतर ठेवून बसायचं. प्रत्येक बारीला पडदा न बघता रेटिंग कागदावर लिहायचं. चढ, माती, घोडी किती लांब सुटली, पुढच्या जोडीनं किती ओढलं, सगळं धरून. संध्याकाळी कागद जुळवायचे. पाचाच्या आत आले तर त्यानं हरण्याबद्दलचं माझं म्हणणं, कोऱ्या रकान्यासकट, मान्य करायचं. नाही आले तर मी भाळवणीला त्याच्याबरोबर जायचं, खर्च माझा. नाना आता नव्वदीच्या पुढे आहेत, ओसरीवर बसून हे ऐकत होते. त्यांनीही कागद मागितला. पुतण्या म्हणाला, “नाना, तुम्हाला कुठं दिसतंय?” नाना म्हणाले, “बघायचंय कुणाला? टापा ऐकू येत्यात ना. आन् माझं शंभर बहात्तरच्या आधीचं हाय, ते आधीच लिहून ठेव.”